कित्तूर ते नंदगड : हरलेल्या लढायांचा हिशेब

नंदगडच्या वडाला छोटे लाकडी पाळणे टांगलेले असतात. मूल व्हावे म्हणून नवस बोललेल्या बायका ते बांधून जातात. कुणी मराठीत बोलते, कुणी कानडीत, नवस एकच असतो. पोर व्हावे आणि ते रायण्णासारखे व्हावे. २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी संगोळ्ळी रायण्णाला याच नंदगडात फाशी दिली. त्याच्या समाधीवर साथीदाराने रोवलेल्या काठीचा हा वड झाला, असे गावातले जुने लोक सांगतात. त्या झाडाखाली उभे राहिले की इतिहास फार सोपा वाटू लागतो. एक शूर माणूस होता, फितुरांनी त्याला पकडून दिले, गोष्ट संपली.

गोष्ट इतकी सोपी नाही. १८२४ ते १८५८ या चौतीस वर्षांत कित्तूर, नंदगड, निपाणी, सामानगड, पन्हाळा, नरगुंद अशा एकाच टापूत इंग्रजांविरुद्ध पुन्हा पुन्हा शस्त्र उचलले गेले आणि प्रत्येक वेळी थोड्याच दिवसांत किंवा महिन्यांत ते खाली ठेवावे लागले. हे असे का झाले, याची आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे आहेत. फितुरी झाली, हे एक. इंग्रजांची ताकदच एवढी होती की दुसरे काही होणे शक्य नव्हते, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही उत्तरे आपल्याला त्या माणसांनी घेतलेल्या निर्णयांपर्यंत जाऊ देत नाहीत. माझे मत असे की या लढायांत शौर्याची कमतरता कुठेच नव्हती. युद्ध कशासाठी आणि किती काळ लढायचे आहे, याचा विचार मात्र पहिल्या विजयाच्या पुढे गेला नव्हता. कित्तूरने ही चूक पहिल्यांदा केली, रायण्णाने ती अर्धी दुरुस्त केली, आणि पुढच्या लोकांनी ती पुन्हा पहिल्यापासून केली.

कित्तूरपासूनच सुरुवात करावी लागते. कित्तूरचे देसाई हे मराठी वाचकाला परके नाहीत. मल्लसर्ज देसाईंना दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात अडकवून ठेवले होते. तिथून परतीच्या वाटेवर १८१६ साली त्यांचा मृत्यू झाला. त्यामुळे १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या थॉमस मन्रोने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, त्या वेळी मल्लसर्जांचे पुत्र शिवलिंगरुद्रसर्ज पेशव्यांच्या बाजूने उभे राहतील अशी अपेक्षाच चुकीची होती. त्यांनी इंग्रजांना मदत केली. बेळगावचा किल्ला म्हणजे या भागातला सगळ्यात भक्कम भुईकोट, भोवती पाण्याने भरलेला खंदक. तो तीन आठवड्यांत पडला. तोफांच्या माऱ्यापुढे किल्ल्याचे काय होते, हे कित्तूरकरांनी शत्रूच्या छावणीत राहून पाहिले होते. हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण सहा वर्षांनी त्यांनी स्वतः किल्ल्यात बसूनच लढायचे ठरवले.

सप्टेंबर १८२४ मध्ये शिवलिंगरुद्रसर्ज निपुत्रिक वारले. त्याआधी शिवलिंगप्पा नावाचा मुलगा दत्तक घेतला होता. धारवाडचा कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट सेंट जॉन थॅकरे याने दत्तकपत्राच्या खरेपणावरच शंका घेतली आणि दत्तक नामंजूर केले. डलहौसीच्या खालसा धोरणाचे धडे आपण शाळेत सातारा आणि झाशीपासून शिकतो. सातारा खालसा झाले १८४८ मध्ये. कित्तूरमध्ये तेच चोवीस वर्षे आधी घडले होते. थॅकरेने खजिन्याला सील लावले, पहारे बसवले. मल्लसर्जांची विधवा राणी चन्नम्मा यांनी ते मानले नाही.

२३ ऑक्टोबर १८२४ चा दिवस हा इंग्रजांच्या चुकीचा दिवस आहे. थॅकरेकडे फौज तुटपुंजी होती. दरवाजा उघडला नाही तर तोफांनी उडवू, अशी धमकी देऊन त्याने तोफा दरवाजाच्या तोंडाशी आणल्या. बाजूला पुरेसे पायदळ नव्हते, मागे पुरेशी कुमक नव्हती. समोरचा माणूस घाबरेल यावरच सगळी मदार होती. दरवाजा उघडला तो आतून, आणि कित्तूरकर बाहेर पडले ते थेट तोफांवर. थॅकरे मारला गेला, कॅप्टन ब्लॅकसह आणखी अधिकारी पडले, वॉल्टर एलियट आणि स्टीव्हन्सन हे दोघे कैदी झाले. हा थॅकरे म्हणजे पुढे इंग्रजीत गाजलेल्या कादंबरीकार थॅकरेचा काका. कंपनीचा इतका वरिष्ठ अधिकारी एका देसाईंच्या दारात मरावा, हे मुंबई आणि मद्रास दोन्हीकडे कुणाच्या कल्पनेत नव्हते.

त्यानंतर ३ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस मिळाले. या सगळ्या आढाव्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते हेच ४१ दिवस.

त्या वेळी कंपनी कुठे गुंतली होती ते पाहा. १८२४ च्या मार्चमध्ये ब्रह्मदेशाशी युद्ध सुरू झाले होते. मद्रास इलाख्याच्या पलटणी रंगूनमध्ये पावसाने आणि तापाने खंगत होत्या. २ नोव्हेंबरला, म्हणजे याच ४१ दिवसांत, कोलकात्याजवळ बराकपूरला ब्रह्मदेशी जायला नकार देणाऱ्या शिपायांवर कंपनीने गोळ्या झाडल्या. कोल्हापूरच्या छत्रपतींचे इंग्रजांशी बिनसत चालले होते आणि पुढच्या वर्षअखेरीस कंपनीची फौज कोल्हापूरवरही निघाली. कंपनीला दक्षिणेत इतकी अवघड घडी क्वचितच आली असेल. कित्तूरच्या दरबारात यातले किती कळत होते, हा वेगळा प्रश्न. पण दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानांशी एकत्र येण्याची वेळ कधी असेल, तर ती हीच होती. ते घडले नाही. आधीच्या वैरांचे ओझे होते. ज्यांनी १८१८ ला मन्रोला मदत केली, त्यांच्यासाठी पटवर्धनांनी किंवा कोल्हापूरकरांनी १८२४ ला का धावावे? ही संकुचित वृत्ती म्हणून नुसती झोडपण्यात अर्थ नाही. पेशव्यांनी कित्तूरशी जे केले, त्याचे हे पीक होते.

मग हे ४१ दिवस कशात गेले? पत्रव्यवहारात. दक्षिणेचा कमिशनर चॅप्लिन पुण्याहून निघाला, मुंबईहून गव्हर्नर एल्फिन्स्टनचा आणि मद्रासहून गव्हर्नर थॉमस मन्रोचा पाठिंबा मिळाला, दोन्ही इलाख्यांतून पलटणी आणि तोफा जमू लागल्या. कित्तूरहून अर्ज जात होते, समेटाची आशा धरली जात होती. इंग्रजांची अट होती कैदी सोडण्याची. एलियट आणि स्टीव्हन्सन यांना कित्तूरमध्ये चांगले वागवले गेले होते आणि २ डिसेंबरला त्यांना सोडून देण्यात आले. दुसऱ्याच दिवशी हल्ला सुरू झाला. राणीच्या दिलदारपणाची ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावी. पण युद्धाच्या हिशेबात ती चूकच. ज्या शत्रूने दत्तक नाकारला, त्याच्या शब्दावर विसंबून आपल्या हातातला एकमेव पत्ता टाकून दिला गेला. (त्या सुटलेल्या एलियटने पुढे याच मुलखातले शेकडो जुने शिलालेख उतरवून घेतले. कदंब आणि चालुक्यांच्या अभ्यासाला त्याचा उपयोग आजही होतो. त्याचा जीव वाचला याचे वाईट वाटण्याचे कारण नाही, वाईट वाटते ते त्या बदल्यात काहीच मागून घेतले नाही याचे.)

आता किल्ल्याकडे पाहू. कित्तूरची गढी सपाटीवर आहे आणि तिच्याजवळ गडाद मरडी नावाची टेकडी आहे. टेकडी ज्याच्या हातात, त्याच्या तोफा गढीच्या छातीवर. ही टेकडी गेली आणि मग तटाला भगदाड पडणे हा काही तासांचा प्रश्न उरला. सोलापूरचा उपजिल्हाधिकारी मन्रो (थॉमस मन्रो नव्हे) या लढाईत जखमी होऊन मेला, म्हणजे लढत कडवी झाली. पण ५ डिसेंबरला किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता.

इथे एक जुनी आठवण येते. बेळवडी कित्तूरपासून फार लांब नाही. १६७८ मध्ये तिथल्या देसाईंच्या विधवेने, मल्लम्मा ऊर्फ सावित्रीबाईंनी, अशाच एका लहान गढीत शिवाजी महाराजांच्या फौजेला जवळजवळ महिनाभर रोखून धरले होते. त्या लढाईची आठवण या भागात पिढ्यान्‌पिढ्या जिवंत होती. चन्नम्मांच्या दरबारात गढीत बसून लढायचा निर्णय झाला तेव्हा ही परंपरा मनात असणारच, असे मला वाटते. पण १६७८ आणि १८२४ यांच्यामध्ये ओढीच्या हलक्या तोफा आल्या होत्या, कवायती गोलंदाज आले होते. पूर्वजांची युद्धनीती त्यांच्या काळात बरोबर होती. ती जशीच्या तशी घेतली की घात होतो, याचे कित्तूरइतके स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल.

आणि फितुरी? मल्लप्पा शेट्टी आणि व्यंकटराव या दोघांनी दारूच्या कोठारात शेण आणि धान्य मिसळले, असे लोकगीते सांगतात. असेलही. पण ज्या किल्ल्याचे रक्षण एकाच कोठारावर अवलंबून आहे, ज्याच्यासाठी बाहेरून कुमक येणार नाही आणि ज्यातून निसटण्याची वाट आखलेली नाही, तो किल्ला चांगल्या दारूवर आणखी किती दिवस टिकला असता? आठवडा? फार तर दोन. फितुराला शिव्या देण्याने आपले मन हलके होते, एवढेच.

चन्नम्मांना बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवले गेले आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. वर्षही उलटले नाही तोच जानेवारी १८३० मध्ये रायण्णा उठला.

रायण्णा संगोळ्ळीचा शेतसनदी. शेतसनदी म्हणजे गावाच्या राखणीबद्दल सरकारकडून थोडी जमीन मिळालेला शिपाई. त्याच्यासारख्या माणसाला वाटा, ओढे, खिंडी, कुठल्या गावचा पाटील कुणाचा पाहुणा, हे सगळे पाठ असते. कित्तूरच्या लढाईत तो पकडला गेला होता आणि सुटला होता. गढीत बसण्याचा परिणाम त्याने डोळ्यांनी पाहिला होता. म्हणून त्याने गढी घेतलीच नाही. बिडीची कचेरी जाळून त्याने सुरुवात केली. नंदगड, खानापूर, संपगाव येथे छापे पडले. दिवसा रानात, रात्री कचेरीवर.

या भागाची जमीन समजून घेतली तर त्याची बुद्धी कळते. नंदगडच्या पूर्वेला संपगाव, बैलहोंगलची मोकळी काळी माती आहे, घोडदळाला आंदण दिल्यासारखी. पश्चिमेला खानापूरचे दाट रान, कणकुंबीचा घाट आणि पलीकडे गोवा. दक्षिणेला हल्याळकडची सिद्दींची वस्ती. रायण्णाच्या फौजेत गजवीर नावाचा सिद्दी लढवय्या होता, असे परंपरा सांगते. नंदगड या दोन मुलखांच्या सांध्यावर बसलेले आहे. रायण्णा पूर्वेला मारत होता आणि पश्चिमेला नाहीसा होत होता.

आणि कचेऱ्याच का? कारण कचेरीत दप्तर असते. कुणाकडे किती जमीन, कुणावर किती सारा, कुणाची सनद जप्त, हे सगळे त्या कागदांत. कंपनीचे राज्य खेड्यात शिपायाच्या जोरावर नव्हते, ते या दप्तरावर उभे होते. दप्तर जाळणे म्हणजे त्या राज्याची मुळे उकरणे. एका गावराखणदाराला हे कळले आणि कित्तूरच्या सरदारांना कळले नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. महाराष्ट्रात याच सुमारास पुरंदरच्या डोंगरांत उमाजी नाईकही इंग्रजांशी लढत होते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध होता असे दिसत नाही. उमाजींना पुण्यात फाशी झाली ती ३ फेब्रुवारी १८३२ ला, रायण्णानंतर वर्षभराने.

मग रायण्णा का हरला? त्याची लढण्याची पद्धत बरोबर होती, उद्दिष्ट मात्र जुनेच राहिले. त्याला शिवलिंगप्पाला कित्तूरच्या गादीवर बसवायचे होते. निष्ठेच्या दृष्टीने यात खोट काढता येत नाही. पण या उद्दिष्टाने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे सगळी लढाई कित्तूरच्या मुलखाभोवती बांधून टाकली. शत्रूला माहीत होते की हा माणूस इथून लांब जाणार नाही. दुसरे म्हणजे उठावाचा जीव एका कोवळ्या मुलात ठेवला गेला. इंग्रजांनी शिवलिंगप्पालाच ताब्यात घेतले, आणि लोकांनी ज्याच्यासाठी लढायचे तो नाहीसा झाला. सारा, जप्त सनदा, कर्ज हे प्रश्न प्रत्येक गावात होते आणि ते कुणाला कैद करून संपणारे नव्हते. त्या प्रश्नांवर उठाव उभा राहिला असता तर तो बिडीहून धारवाडकडे आणि चिकोडीकडेही सरकला असता.

इंग्रजही शिकले होते. थॅकरेसारखा धमकावणारा साहेब या वेळी पुढे आला नाही. त्यांनी स्थानिक अंमलदार आणि गावचे पाटील कामाला लावले. एप्रिल १८३० मध्ये रायण्णा पकडला गेला. ओढ्यावर आंघोळ करताना, तलवार दुसऱ्याच्या हाती दिलेली असताना आपल्याच माणसांनी त्याला धरले, असे परंपरा सांगते. रानातल्या लढाईत शत्रूच्या फौजेपेक्षा भाकरी देणारे घर जास्त धोक्याचे असते. ते घर फुटणार नाही याची व्यवस्था हाही युद्धनीतीचाच भाग, आणि ती व्यवस्था भावनेवर सोडली गेली.

त्याच सुमारास समुद्रापलीकडे, जावा बेटावर, डच सत्तेविरुद्ध राजपुत्र दिपोनेगोरोचे युद्ध संपत होते. १८२५ पासून तो लढत होता. डचांनी गावोगाव छोटे कोट उभारून ते रस्त्यांनी जोडले, त्याला जखडत आणले, आणि २८ मार्च १८३० ला बोलणी करायला बोलावून कैद केले. दिपोनेगोरोकडे धर्माचा आणि साऱ्या जावाचा आधार होता, म्हणून त्याला पाच वर्षे मिळाली. रायण्णाकडे एका देसगतीचा आधार होता, त्याला तीन-चार महिने मिळाले.

यानंतरचे उठाव मी भराभर सांगतो, कारण त्यांत नवे काही शिकलेले दिसत नाही. १८४१ मध्ये निपाणीच्या गढीत अरब शिपाई ठाण मांडून बसले, गढी तोफांनी पडली. १८४४ मध्ये सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांच्या जमिनींना हात लागला. त्यांनी दरवाजे लावून घेतले. सामानगड बेळगावपासून फार लांब नाही, इंग्रजांच्या तोफा तिथे पोहोचल्या, आणि ऑक्टोबरमध्ये तो पडला. मग बंडवाले पन्हाळ्यावर गेले. इंग्रज अधिकारी कर्नल ओव्हन्स त्यांच्या हाती कैदी म्हणून सापडला होता, तरी १ डिसेंबरला पन्हाळाही गेला. वीस वर्षांनी पुन्हा तेच: भिंत, ओलीस, वाट पाहणे. बरे झाले ते एवढेच की सावंतवाडीचे काही बंडवाले हद्द ओलांडून गोव्यात गेले आणि हद्दीचा उपयोग करता येतो हे दाखवून गेले.

शेवटी नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे, ज्यांना लोक बाबासाहेब म्हणतात, विद्वान माणूस, मोठ्या ग्रंथसंग्रहाचे मालक. त्यांचाही दत्तक नाकारला गेला होता. २९ मे १८५८ च्या रात्री सुरेबानला त्यांच्या माणसांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला मारले. पण मे १८५८ म्हणजे काय? तोवर दिल्ली, कानपूर, लखनौ, झाशी सगळे इंग्रजांनी परत घेतले होते. कोल्हापूरची पलटण उठून दहा महिने झाले होते. बाबासाहेबांनी रामदुर्गच्या आपल्या सावत्र भावाला पाठवलेली पत्रे इंग्रजांपर्यंत पोहोचली होती. त्यांच्याबरोबर उठलेले मुंडरगीचे भीमराव कोप्पळच्या किल्ल्यात १ जूनला मारले गेले. त्याच दिवशी नरगुंदची फौज, पाठीशी एवढा उंच डोंगरी किल्ला असताना, मोकळ्या मैदानात उतरली आणि इंग्रज घोडदळाने ती कापून काढली. किल्ला दुसऱ्या दिवशी जवळजवळ रिकामाच सापडला. १२ जूनला बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली. वेळ चुकली, मेळ चुकला, मैदानही चुकले.

हे लिहिताना मला त्या माणसांविषयी तिळमात्र कमी आदर वाटत नाही. उलट कठोर हिशेब मांडणे हाच त्यांचा मान आहे असे मी समजतो. नुसता पुतळा बसवला की आपण विचार करायचे थांबतो. २०२० मध्ये बेळगावजवळ पिरनवाडीत रायण्णाच्या पुतळ्यावरून वाद झाला आणि शिवाजी महाराज विरुद्ध रायण्णा असे चित्र उभे केले गेले. दोन्ही बाजूंच्या समजूतदार लोकांनी ते मिटवले. पण असे चित्र उभे राहू शकते, याचेच दुःख होते. छापा, रान आणि चपळाई यांच्या बळावर लढणाऱ्या माणसाला महाराजांच्या विरुद्ध बाजूला उभे करायचे, म्हणजे दोघांचीही लढाई समजलेली नाही. रायण्णाला कानडी म्हणून आपण मराठीत वाचायचे टाळले, तर आपल्याच मुलखाचा अर्धा इतिहास आपण टाळतो. त्या काळातल्या या भागातल्या कचेऱ्यांचा बराच व्यवहार मराठीत, मोडीत चालत होता. बेळगाव, खानापूर, निपाणीत आज मोडी शिकणारी तरुण मुले आहेत. कित्तूर आणि नंदगडच्या प्रकरणाचे कागद कानडी अभ्यासकांबरोबर बसून वाचणे हे काम त्यांच्याइतके चांगले दुसरे कोण करील?

आणि वाचकांना एक सांगायचे आहे. नंदगडला जाल तर थेट वडाकडे जाऊ नका. आधी कित्तूरला जा, पडक्या तटावर उभे राहा आणि गडाद मरडीकडे बघा. मग बिडीवरून नंदगडचा रस्ता धरा आणि काळी माती संपून रान कुठे सुरू होते ते पाहत या.